एका जागी उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनसाठी ऑफ-ग्रिड सोलर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅरॅव्हॅन एकदा जागेवर टेकली आणि चाकांखाली ठोकळे गेले की ती घर होते. मग घरासारखी वीजही लागते, पण तिथवर लाइन आलेली नसते. अशा वेळी पॅनेल, बॅटरी आणि इन्व्हर्टर घेऊन आपली वीज आपणच तयार करायची म्हटलं की जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. काही लांब आहेत, कारण तिथेच पैसे वाया जातात किंवा आग लागते.

किती वॅटचं पॅनेल घेऊ?

जवळजवळ प्रत्येक जण हाच प्रश्न आधी विचारतो, पण त्याचं उत्तर सगळ्यात शेवटी मिळतं. आधी वही घ्या आणि कॅरॅव्हॅनमध्ये विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू लिहा. तिचे वॅट, ती दिवसात किती तास चालते आणि दोन्हींचा गुणाकार, म्हणजे वॅट-तास. हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट. ही बेरीज हातात आल्याशिवाय दुकानात जाऊ नका. पॅनेल आधी घेऊन मग त्यात बसेल तसा संसार करायचा, असं ज्यांनी केलं त्यांना पहिल्याच ढगाळ आठवड्यात अंधारात बसावं लागलं आहे.

अंदाजापेक्षा मोजमाप बरं. प्लगमध्ये लावायचं छोटं वॅटमीटर मिळतं. प्रत्येक उपकरण एकेक दिवस त्यावर चालवून पाहा.

एक हिशेब करून दाखवाल का?

दोन माणसं, साधी राहणी असं धरू. ५ वॅटचे ६ दिवे रोज ४ तास: १२०. कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज: ५००. लॅपटॉप आणि फोन: १३०. पाण्याचा ६० वॅटचा पंप, सगळा मिळून वीस मिनिटं: २०. टीव्ही ४० वॅट, ३ तास: १२०. इंटरनेटचा राउटर फक्त १० वॅटचा, पण २४ तास चालू: २४०. बेरीज ११३० वॅट-तास.

इथे बहुतेक लोक पेन खाली ठेवतात आणि एक ओळ राहून जाते. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्यावर काहीच लावलं नाही, तरी तो वीज खातो. १५ वॅट धरले तर दिवसाला ३६० वॅट-तास होतात, म्हणजे सगळ्या दिव्यांच्या तिप्पट. आता बेरीज १४९०, म्हणजे सरळ १५०० धरा.

राउटर आणि इन्व्हर्टर मिळून ६०० झाले, हे लक्षात घ्या. दिवसभर गुपचूप चालणाऱ्या छोट्या वस्तूच यादीत सगळ्यात महाग पडतात. राउटर रात्री बंद ठेवला, दिवे आणि पंप थेट १२ व्होल्टवर घेतले आणि इन्व्हर्टर गरजेपुरताच लावला, तर सिस्टिम बरीच लहान होते. वाचवलेला वॅट-तास हा नेहमीच बनवलेल्या वॅट-तासापेक्षा स्वस्त असतो.

फ्रिज कोणता ठेवावा?

हा प्रश्न वेगळा काढला, कारण एकट्या फ्रिजवर अख्खा आराखडा बदलतो. बऱ्याच कॅरॅव्हॅनमध्ये गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा फ्रिज असतो. त्याला ॲब्सॉर्प्शन फ्रिज म्हणतात. त्यात कॉम्प्रेसर नसतो, उष्णतेवरच थंडावा तयार होतो. गॅसवर तो छान चालतो. विजेवर मात्र आत हीटर पेटतो आणि तो साधारण १०० ते १५० वॅट जवळजवळ सतत ओढतो. दिवसाला दोन ते तीन युनिट जातात, म्हणजे वरच्या हिशेबातल्या सगळ्या घराच्या दीडपट-दुप्पट.

तो फ्रिज असेल तर गॅसवरच चालवा. नाहीतर १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रिज घ्या. फ्रिज बदलण्याचा खर्च पॅनेल आणि बॅटरीतून वाचलेल्या पैशांत बहुतेक वेळा निघतो.

आता तरी पॅनेलचे वॅट काढता येतील का?

हो, पण त्याआधी महिना ठरवावा लागेल. पॅनेलवर लिहिलेले वॅट हे दर चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि २५ अंश तापमान धरून मोजलेले असतात. दिवसभरातलं सगळं ऊन या मापात बसवलं की किती तासांचं होतं, तो आकडा आपल्याला हवा असतो. त्याला पीक सन अवर्स म्हणतात. तुमच्या जागेचा महिनावार आकडा सौर नकाशांवरून फुकट मिळतो.

त्यातून सूत्र साधं आहे: रोजचे वॅट-तास भागिले उन्हाचे तास, भागिले ०.७. हे ०.७ म्हणजे तापलेलं पॅनेल, धूळ, वायर आणि बॅटरी यांत जाणारी तूट. १५०० वॅट-तासांसाठी, ऊन ४ तासांचं असेल तर ५४० वॅट पुरतात. २ तासांचं असेल तर १०७० लागतात आणि तासाभराचंच असेल तर २१४०. संसार तोच, माणसं तीच, पॅनेल मात्र चौपट.

म्हणून कॅरॅव्हॅनमध्ये तुम्ही कोणत्या महिन्यांत राहणार, हे आधी स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा. फक्त उन्हाळ्यात जाणार असाल तर हलकी सिस्टिम बस झाली. बारा महिने राहायचं असेल तर वर्षातल्या सगळ्यात अंधाऱ्या महिन्याचा आकडा घ्या. विषुववृत्तापासून दूर तो हिवाळ्यातला असतो, पावसाच्या प्रदेशात ऐन पावसाळ्यातला. वर्षाची सरासरी धरून केलेली सिस्टिम नेमकी त्याच महिन्यात मान टाकते. ५० अंश अक्षांशाच्या आसपास हिवाळ्यात दिवसाचं ऊन तासाभराच्याच घरात असतं. तिथे सगळा भार सोलरवर टाकण्यापेक्षा ते दोन महिने जनरेटरची मदत घेणं शहाणपणाचं.

पॅनेल छतावर लावू की जमिनीवर?

जागा असेल तर जमिनीवर, असं माझं ठाम मत आहे. कॅरॅव्हॅनचं छत म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेला पातळ पत्रा. साधारण ४०० वॅटचं एक पॅनेल २० किलोच्या वर जातं आणि त्याचं क्षेत्रफळ दोन चौरस मीटरच्या जवळपास असतं. वजन एकवेळ पेलेल, पण वारा खालून शिरला की तेच पॅनेल शिडासारखं उचलतं. शिवाय छताला पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे पुढेमागे गळती. आत पाणी मुरून लाकूड कुजायला लागलं की बाहेरून काही वर्षं कळतसुद्धा नाही.

जमिनीवर स्टँड केला तर पॅनेल हवं तसं वळवता येतं, पुसता येतं, मागून हवा खेळते आणि काच थंड राहते. उत्तर गोलार्धात तोंड दक्षिणेला, दक्षिण गोलार्धात उत्तरेला. उतार वर्षभरासाठी साधारण अक्षांशाइतका ठेवा. हिवाळा साधायचा असेल तर त्यात १५ अंश वाढवा. स्टँड मात्र जमिनीत घट्ट रोवा किंवा त्यावर भरपूर वजन ठेवा.

थोडीशी सावली चालते का?

नाही. पॅनेलमधल्या सेल माळेसारख्या एकामागे एक जोडलेल्या असतात. एक झाकली की सगळ्या माळेचा प्रवाह अडतो. म्हणून पॅनेलचे तीन भाग करून प्रत्येकाला बायपास डायोड दिलेला असतो. एका भागावर सावली आली तर तो वगळून बाकीचे दोन चालतात. पण उभ्या लावलेल्या साध्या पॅनेलच्या तळाशी गवताची किंवा बर्फाची पट्टी आली तर तिन्ही भाग एकदमच मार खातात. तेच पॅनेल आडवं लावलं असतं तर एकच भाग गेला असता. हाफ-कट पॅनेलमध्ये (सेल अर्ध्या कापून वर-खाली दोन गटांत जोडलेल्या) वरचा अर्धा भाग निदान चालू राहतो.

जागा उन्हाळ्यात पाहून ठरवू नका. ५० अंश अक्षांशावर हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून फक्त साडेसोळा अंश वर असतो. तीन मीटर उंच कुंपणाची सावली तेव्हा दहा मीटर लांब पडते. २० अंश अक्षांशावर तीच सावली तीन मीटरही भरत नाही.

बॅटरी लेड-ॲसिड घ्यावी की लिथियम?

लेड-ॲसिड बॅटरी गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये बनवली आणि ती आजही टिकून आहे, हे काही कमी नाही. स्वस्त आहे, सगळीकडे मिळते, थंडीतही चार्ज होते. पण ती अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही आणि वरचेवर पूर्ण भरायची, हे दोन नियम मोडले की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि बॅटरी काही महिन्यांत बसते. अंधाऱ्या महिन्यात नेमकी ती कधीच पूर्ण भरत नाही.

लिथियममध्ये कॅरॅव्हॅनसाठी लिथियम आयर्न फॉस्फेट हाच प्रकार घ्या. ८० टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते, अर्धवट भरलेली राहिली तरी चालते आणि काही हजार वेळा भरता-उतरवता येते. एक गोष्ट मात्र तिला सहन होत नाही. शून्य अंशाखाली चार्ज केली तर आत धातूरूप लिथियमचा थर बसतो आणि ते नुकसान भरून येत नाही. थंड मुलखात राहणार असाल तर कमी तापमानाला चार्जिंग तोडणारी बीएमएस (बॅटरीची राखण करणारं आतलं सर्किट) किंवा आतच हीटर असलेली बॅटरी घ्या.

दोन दिवस ऊन नसेल असं धरलं तर आपल्या हिशेबात ३००० वॅट-तास साठवायला हवेत. लिथियम घेतली तर ३००० भागिले ०.८, म्हणजे ३७५० वॅट-तास; त्याला २४ व्होल्टने भागलं की साधारण १५६ अँपिअर-अवर (अँपिअर गुणिले तास, हे बॅटरीचं माप). लेड-ॲसिड घेतली तर ३००० भागिले ०.५, म्हणजे २४ व्होल्टची २५० अँपिअर-अवर. किंमत या दोन आकड्यांची लावून पाहा. एकेका बॅटरीची लावली तर लेड-ॲसिड उगाच स्वस्त दिसते.

१२, २४ की ४८ व्होल्ट?

इन्व्हर्टर १००० वॅटच्या आत आणि बाकी सगळं १२ व्होल्टवर असेल तर १२. त्यापुढे २४. तीन हजार वॅटच्या वर ४८. कारण वायरमध्ये आहे.

पॅनेलच्या चार्ज कंट्रोलरपासून (पॅनेलची वीज बॅटरीला झेपेल अशी करून देणारा डबा) बॅटरी ५ मीटरवर आहे आणि मध्ये ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल आहे असं धरा. १२ व्होल्टवर २० अँपिअर वाहिले तर जाऊन-येऊन १० मीटरमध्ये जवळजवळ ०.६ व्होल्ट पडतात, म्हणजे ५ टक्के. तेवढीच वीज २४ व्होल्टवर नेली तर अँपिअर निम्मे, तूट ०.३ व्होल्ट, म्हणजे सव्वा टक्का. व्होल्टेज दुप्पट केलं की तुटीची टक्केवारी चौथाई होते. केबल तीच.

चार्ज कंट्रोलर पीडब्ल्यूएम चालेल का?

पीडब्ल्यूएम हा कंट्रोलरचा साधा प्रकार. एखाद्या शंभर वॅटच्या पॅनेलला आणि दोन दिव्यांना चालेल. राहण्याच्या कॅरॅव्हॅनला एमपीपीटीच घ्या, म्हणजे पॅनेलचं जादा व्होल्टेज वाया न घालवता अँपिअरमध्ये बदलणारा. घरांच्या छतावरची मोठी पॅनेल ३० ते ४० व्होल्ट देतात. पीडब्ल्यूएम त्यांना खेचून बॅटरीच्या व्होल्टेजवर आणतो आणि मधली वीज वाया जाते.

एमपीपीटी निवडताना एक चूक पुन्हा पुन्हा होते. पॅनेल थंड झालं की त्याचं व्होल्टेज वाढतं, दर अंशाला साधारण ०.३ टक्के. ४५ व्होल्ट ओपन सर्किटची (म्हणजे काहीच न जोडता मोजलेल्या व्होल्टेजची) दोन पॅनेल सिरीजमध्ये, एकामागे एक, जोडली की ९० व्होल्ट होतात. १०० व्होल्टचा कंट्रोलर पुरेसा वाटतो. पण उणे १० अंशांच्या सकाळी, २५ अंशांपेक्षा ३५ अंश खाली, हेच ९० व्होल्ट साडेनव्व्याण्णव होतात. आणखी थोडी थंडी पडली, ऊन आलं आणि कंट्रोलर गेला. तुमच्या जागेचं आजवरचं सगळ्यात कमी तापमान धरून हा हिशेब करा आणि १५० व्होल्टचा कंट्रोलर घ्या. पॅनेल पॅरलल, म्हणजे शेजारी-शेजारी, जोडणं हाही मार्ग आहे, पण मग अँपिअर वाढतात आणि केबल जाड लागते.

इन्व्हर्टर केवढा घ्यावा?

एका वेळी चालणाऱ्या वस्तूंची बेरीज करा. त्यात मोटर असलेली वस्तू असेल तर सुरू होताना ती काही क्षण कितीतरी पट ओढते, तेवढी झेप इन्व्हर्टरला झेपली पाहिजे. प्युअर साइन वेव्हच घ्या, म्हणजे घरच्या लाइनसारखी गुळगुळीत लहर देणारा. ओबडधोबड लहरीच्या मॉडिफाइड साइनवर फ्रिज आणि पंपाच्या मोटरी तापतात. उगाच मोठा घेऊ नका. मोठ्या इन्व्हर्टरची नुसती चालू राहण्याची भूकही मोठी असते आणि ती दिवसाचे २४ तास लागते.

किटली, हीटर, एसी यांचं काय?

किटली बसते. २००० वॅट चार मिनिटं म्हणजे १३३ वॅट-तास, साठ्याच्या मानाने किरकोळ. त्रास फक्त अँपिअरचा. १२ व्होल्टवर बॅटरीतून १८० च्या वर अँपिअर निघतात. त्यासाठी मोठा इन्व्हर्टर, जाड केबल आणि तेवढी बीएमएस लागते. एका किटलीसाठी हे सगळं करावं का, हा तुमचा निर्णय. मी पाणी गॅसवर तापवतो.

खोली गरम करणारा विजेचा हीटर मात्र विसरा. १००० वॅट आठ तास म्हणजे ८ युनिट, तेही ज्या महिन्यात ऊन नसतं त्याच महिन्यात. ऊब लाकडावर किंवा गॅसवर घ्या, धुरांडं नीट ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. एसीची बाजू थोडी बरी आहे, कारण तो कडक उन्हात लागतो आणि वीजही तेव्हाच भरपूर असते. रात्रभर चालवायचा असेल तर बॅटरीचा आकडा नव्याने काढा.

कॅरॅव्हॅनच्या जुन्या बोर्डलाच इन्व्हर्टर जोडला तर?

जोडता येतो, पण हे काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनचं आहे. तीन गोष्टी त्याच्याशी बोलून घ्या.

बाहेरून कधी जनरेटर किंवा लाइन येणार असेल तर मध्ये चेंजओव्हर स्विच हवाच. दोन्ही बाजूंना पिना असलेली वायर करून सॉकेटमधून उलटी वीज सोडणं जीवघेणं आहे. ती पिन हातात असते तेव्हा जिवंत असते.

दुसरी गोष्ट न्यूट्रल आणि अर्थची. आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडतो तो वीज गळून अर्थमार्गे परत गेली म्हणून. इन्व्हर्टरचा न्यूट्रल अर्थला कुठेच जोडलेला नसेल तर परतीचा तो मार्गच नसतो आणि गळती असूनही आरसीसीबी गप्प बसतो. ही जोडणी एकाच ठिकाणी असावी लागते. काही इन्व्हर्टरमध्ये ती बाहेरून करायचीच नसते, म्हणून त्याचं मॅन्युअल इलेक्ट्रिशियनच्या हातात द्या.

तिसरी: बोर्डावर आधीपासून बॅटरी चार्जर असेल तर तो काढा. नाहीतर बॅटरी इन्व्हर्टरला, इन्व्हर्टर चार्जरला आणि चार्जर पुन्हा बॅटरीला चालवतो आणि या फेऱ्यात रात्रीत बॅटरी रिकामी होते.

फ्यूज कुठे आणि किती?

प्रत्येक पॉझिटिव्ह वायरवर, बॅटरीपासून जितक्या जवळ जमेल तितक्या जवळ. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, म्हणून त्याचा आकडा वायरच्या क्षमतेपेक्षा कमी हवा. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते. तिथे मुख्य फ्यूज क्लास-टी प्रकारचा घाला, साधा फ्यूज तुटूनही आत ठिणगी धरून ठेवू शकतो. घरच्या एसी विजेचे एमसीबी (आपोआप पडणारे स्विच) डीसीला, म्हणजे बॅटरी-पॅनेलच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेला, वापरू नका. ५० हर्ट्झचा एसी सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही.

आणि क्रिंप, म्हणजे वायरच्या टोकाला धातूचा लग दाबून बसवणं. माझ्या स्वतःच्या सिस्टिममध्ये बॅटरीच्या निगेटिव्हचा एक लग पक्कडीने दाबून बसवलेला होता. वरून घट्ट वाटायचा. काही आठवड्यांनी कॅबिनेट उघडल्यावर मासळीसारखा जळका वास आला. हात लावला तर लग चटका बसेल इतका तापला होता. लगवरचं लाल प्लास्टिकचं आवरण (हीट-श्रिंक) तपकिरी पडून चिरलं होतं आणि आतली तांब्याची बारीक तार काळी झाली होती. फ्यूज शाबूत होता, कारण अँपिअर मर्यादेतच होते. सैल जोडणीची उष्णता फ्यूजला दिसत नाही. तेव्हापासून मी हायड्रॉलिक क्रिंपरच वापरतो आणि नव्या जोडण्या पूर्ण लोडवर अर्धा तास चालवून प्रत्येक लगवर बोट ठेवून पाहतो.

बॅटरी ठेवायची कुठे?

आत, कोरड्या आणि फार गार-गरम न होणाऱ्या जागी, खाली नीट बांधून. उघड्या लेड-ॲसिड बॅटरीतून चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तिला बाहेर जाणारी हवा हवीच. गॅस सिलिंडरच्या कप्प्यात बॅटरी, इन्व्हर्टर, स्विच यांतलं काहीही ठेवू नका. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो आणि एक ठिणगी पुरते.

जनरेटर ठेवावा का?

बारा महिने राहणार असाल तर ठेवा, छोटा. थेट घर चालवायला नको, एका चांगल्या चार्जरमार्फत बॅटरी भरायला. दोन तासांत भरून बंद करता येतो.

परवानगी लागते का?

जागा दुसऱ्याची असेल तर जमिनीवरच्या स्टँडसाठी लेखी होकार घ्या. विमा कंपनीलाही कळवा.

बॅटरी किती भरली आहे हे व्होल्टमीटरवर कळेल ना?

लेड-ॲसिडची थोडीफार कळते: १२ व्होल्टची बॅटरी काही तास स्वस्थ ठेवल्यावर १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. लिथियमची नाही कळत. तिचं व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात १३.२ च्या आसपास रेंगाळतं आणि शेवटी एकदम घसरतं. शंट (प्रवाह मोजणारी धातूची पट्टी) लावलेला बॅटरी मॉनिटर घ्या. तो आत-बाहेर जाणारा प्रत्येक अँपिअर मोजतो. सुरुवातीच्या वहीतले आकडे बरोबर होते का, हेही पहिल्याच आठवड्यात त्यावर दिसतं.

कॅरॅव्हॅन काही महिने बंद ठेवायची असेल तर?

लेड-ॲसिड पूर्ण भरून, सगळे लोड तोडून, पॅनेल आणि कंट्रोलर चालू ठेवून जा. ती आपोआप हळूहळू उतरते आणि उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड पाण्यासारखं होऊन कडक थंडीत गोठतं, कवच फुटतं. भरलेली गोठत नाही. लिथियमचं उलट: अर्ध्याच्या आसपास ठेवून मुख्य स्विच बंद करा. पण त्याआधी पॅनेलचा आयसोलेटर (पॅनेलची वीज तोडणारा स्विच) पाडा. बॅटरी नसताना पॅनेल जोडलेलं राहिलं तर काही कंट्रोलर बिघडतात. परत आल्यावर क्रम उलटा: आधी बॅटरी जोडा, कंट्रोलरवर तिचं व्होल्टेज दिसलं की मग पॅनेल.